आधी वॉल्व्ह काढून बघा

जुनी पेट्रोल गाडी तेल गाळायला किंवा खायला लागली की गॅरेजात बहुधा दोनच निकाल मिळतात. गळती असेल तर सील गेलं, धूर असेल तर रिंगा गेल्या. दोन्ही निकाल खरे निघू शकतात. पण त्याआधी बोटाएवढी, काही शे रुपयांची एक वस्तू तपासायची असते आणि ती तपासल्याशिवाय इंजिन उघडू द्यायचं नसतं. तिचं नाव पीसीव्ही वॉल्व्ह. इंजिनाच्या पोटात साठणारा वायू बाहेर काढून पुन्हा जाळायला पाठवणं एवढंच तिचं काम. ते बंद पडलं की बाकीचं इंजिन धडधाकट असूनही आजारी दिसतं, आणि मग उपचार भलत्याच जागी सुरू होतात. माझ्या गाडीचे असे उपचार बरेच महिने चालले. त्यातून हाती आलेलं, इतरांच्या उपयोगी पडेल असं सगळं इथे मांडतो.

माझं घर जळगावात आणि नोकरी धुळ्यात. गाडी २००४ सालची, चार सिलिंडरची, वडिलांनी घेतलेली. जळगाव ते धुळे रस्ता नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा. बांभोरीजवळ गिरणा ओलांडायची, मग एरंडोल, पारोळा आणि फागण्यावरून धुळं. या महामार्गाच्या तरसोद-फागणे टप्प्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं कसं रेंगाळलं, ते इथल्या प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. ती धूळ, ते तात्पुरते वळणरस्ते, केळीच्या ट्रकांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरात सरकणं, आणि वर एप्रिल-मेचं ४४-४५ अंशांचं ऊन. जुन्या गाडीतल्या रबराचा आणि तेलाचा कस लागायचा तो अशा रस्त्यावर पुरेपूर लागतो.

सुरुवात वासाने झाली. चौफुलीवर थांबलं की जळक्या तेलाचा वास आत यायचा. बॉनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरून खाली तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ठिबकत होतं. गॅरेजने गॅसकेट बदललं. काही आठवड्यांत त्याच कडेला पुन्हा ओल आली. मग पुन्हा गॅसकेट आणि वरून सिलिकॉनचा लेप. त्या कडेची गळती थांबली, पण क्रँकच्या पुढच्या सीलमधून सुरू झाली. ते सील बदलायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी आणखी वाढली. तोवर पट्टीवरची तेलाची पातळीही उतरू लागली होती. शेवटी चालू इंजिनवर तेल भरायचं झाकण काढून मला दाखवण्यात आलं. आतून भसाभस धूर येत होता. ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल,’ असा निकाल मिळाला. खर्चाचा अंदाज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याला टेकत होता. दुसऱ्या गॅरेजात विचारलं तर तिथे बोअर करण्यापर्यंत मजल गेली.

मला हा निकाल पटेना. गाडीची ओढ कमी झाली नव्हती. लळिंगचा घाट ती पूर्वीसारखीच चढत होती आणि चढावर आरशात निळा धूर दिसत नव्हता. सकाळी गारठ्यातही अर्ध्या सेल्फला सुरू होत होती. रिंगा झिजलेल्या गाडीची ही लक्षणं नव्हेत. शिवाय गळतीचा क्रमच विचित्र होता. एक जागा बंद केली की दुसरी फुटत होती. याचा सरळ अर्थ, आतून काहीतरी रेटत होतं आणि ज्या जागी सील कमकुवत, तिथून तेल बाहेर येत होतं. सील हा परिणाम होता. दाब कुठून येतो, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

धुळ्याला पारोळा रोडकडच्या एका वयस्कर मिस्तरींना मी एवढंच सांगितलं, ‘बाकी काही खोलू नका, आधी कॉम्प्रेशन मोजा.’ त्यांनी चारही प्लग काढून गेज लावला. चारही आकडे जवळजवळ सारखे आणि कंपनीने दिलेल्या किमान मर्यादेच्या बरेच वर. मग त्यांनी पकडीने एक क्लिप मागे सारली, टॅपेट कव्हरमधून वॉल्व्ह उपटून काढला, कानाशी हलवला आणि माझ्या हातात दिला. मीही हलवून पाहिला. आवाज नाही. आत काळा गाळ गच्च बसला होता. ‘भाऊ, इंजिन चांगलं शे, त्याले श्वास लेता येत नही,’ एवढं बोलून ते चहा सांगायला गेले.

हा वॉल्व्ह करतो काय

यामागची क्रिया कळली की तपासणी पाठ करावी लागत नाही. रिंगा अगदी नव्या असल्या तरी ज्वलनातला थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, आम्ल तयार करणारे वायू असतात आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जातं, पण थोडं खालीही येतं. हे सगळं वेळच्या वेळी बाहेर निघालं नाही तर आतला दाब वाढतो आणि तेल नासतं. दाबामुळे गळती होते, नासलेल्या तेलामुळे गाळ धरतो आणि तो गाळ पुन्हा हाच वॉल्व्ह बंद करतो.

पूर्वी यावरचा उपाय ढोबळ होता. क्रँककेसला एक नळी लावून ती रस्त्याकडे तोंड करून सोडून देत. शेतावरच्या जुन्या ट्रॅक्टरला अशी नळी अजून दिसते. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांमध्ये पाणी शिरू नये म्हणून ही वाट बंदिस्त केली गेली. पुढे लॉस एंजेलिसच्या धुरक्याने लोक हैराण झाले तेव्हा कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत मोटारींवर हा वॉल्व्ह बसू लागला. मोटारीचं प्रदूषण रोखायला बसवलेलं हे पहिलं साधन. आपल्याकडे भारत स्टेजच्या नियमांप्रमाणे पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमधला वायू हवेत सोडता येत नाही.

वॉल्व्हच्या आत एक स्प्रिंग आणि एक सुई असते. त्याचं एक टोक टॅपेट कव्हरकडे, दुसरं नळीने इनटेक मॅनिफोल्डकडे. गाडी आयडलवर असते तेव्हा मॅनिफोल्डमधली ओढ खूप जास्त असते. ही ओढ सुईला खेचून वाट अरुंद करते, म्हणून थोडाच वायू जातो आणि आयडल बिघडत नाही. महामार्गावर ठरावीक वेगाने चालताना ओढ कमी होते, स्प्रिंग सुईला मागे रेटते आणि वाट रुंद होते. इंजिन बंद असताना किंवा बॅकफायर झाल्यावर वाट बंद होते, म्हणजे मॅनिफोल्डमधली ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोचत नाही. बाहेर गेलेल्या वायूच्या जागी एअर फिल्टरच्या बाजूने दुसऱ्या नळीतून गाळलेली हवा आत येते. नळ्या दोन, वॉल्व्ह एकीवरच, हे लक्षात ठेवा. बॉनेटखाली तो शोधताना याचा उपयोग होतो.

खानदेशात या वॉल्व्हवर दोन बाजूंनी मारा होतो. उन्हाळ्यात बॉनेटखालच्या उष्णतेने नळ्या आणि वॉल्व्हभोवतीचं रबरी बूच वाळून कडक होतं, तडकतं. हिवाळ्यात वेगळंच घडतं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा अनेकदा दहाच्या खाली उतरतो. अशा सकाळी देवपुरातून आग्रा रोडपर्यंत जाऊन परत येणारी गाडी पुरती तापतच नाही. वाफ बाहेर पडण्याआधी आतच पाणी होते आणि तेलात मिसळते. तेलाच्या झाकणाखाली पिवळट पांढरी साय दिसली तर ती याच पाण्याची. मात्र अशी साय हेड गॅसकेट गेल्यावरही धरते. म्हणून सोबत रेडिएटरच्या टाकीतली पातळी पाहा. पाणी कमी होत असेल तर प्रश्न वेगळा आहे आणि तो थांबवून ठेवण्यासारखा नाही.

लक्षणं दोन प्रकारची

वॉल्व्ह बंद स्थितीत अडकला किंवा नळी चोंदली तर आतला दाब वाढतो. टॅपेट कव्हर, क्रँकची सीलं, ऑइल पट्टीची नळी, जिथे कमजोर जागा असेल तिथून तेल येतं. कधी पट्टीच आपोआप वर उचललेली दिसते. एअर फिल्टरच्या डब्यात तेलाचा ओलावा येतो, कारण वायू उलट्या वाटेने फिल्टरकडे जातो. तेल लवकर काळं पडतं, दाट होतं. माझ्या गाडीचं हे प्रकरण होतं.

वॉल्व्ह उघडा अडकला किंवा नळी तडकली तर चित्र वेगळं असतं. मॅनिफोल्डमध्ये न मोजलेली जादा हवा शिरते. आयडल वर-खाली होतं किंवा वाढून राहतं, सिग्नलला गाडी थरथरते, कधी बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. नव्या प्रणालीच्या गाडीत मिश्रण पातळ झाल्याचा कोड येऊन इंजिनचा दिवा लागतो. वायूसोबत तेलाचे थेंबही ओढले जातात, त्यामुळे तेल कमी होतं आणि निळसर धूर दिसतो. हाच धूर पाहून रिंगा गेल्याचा निकाल दिला जातो. आयडल बिघडलं म्हणून प्लग, कॉइल, पंप बदलत बसणारेही मी पाहिले आहेत.

मी पाहिलेल्या गाड्यांत बंद अडकलेल्या वॉल्व्हचा त्रास हळूहळू वाढत गेला, कारण गाळ साठायला वेळ लागतो. तडकलेल्या नळीचा त्रास मात्र एकाएकी सुरू झालेला दिसला. गॅरेजला जाण्याआधी त्रास कधी आणि कसा सुरू झाला ते आठवून ठेवलं तर निदान निम्मं होतं.

घरच्या घरी तपासणी

यातलं बरंचसं गाडीमालक स्वतः करू शकतो. मोकळ्या जागेत करा. बंद शेडमध्ये चालू इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, ओढणी, गमछा, सैल बाह्या पंख्यापासून दूर. रेडिएटरचा पंखा इग्निशन बंद असतानाही कधीकधी आपोआप सुरू होतो, हेही विसरू नका.

सगळ्यात सोपी परीक्षा कागदाची. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागदाचा तुकडा अलगद ठेवा. थोड्या वेळाने कागद आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. तो फडफडून वर उडत असेल तर आत दाब आहे. झाकण काढल्यावर थोडी वाफ दिसणं हा दोष नाही, गरम इंजिनात ती असतेच. म्हणून नुसता धूर दाखवून दिलेला निकाल स्वीकारू नका, कागद लावा.

दुसरी परीक्षा ओढीची. वॉल्व्ह शोधा. बऱ्याच गाड्यांत तो टॅपेट कव्हरवर रबरी बुचात खोचलेला असतो, काहींत आट्यांनी बसवलेला असतो. इंजिन आयडलवर असताना वॉल्व्ह कव्हरमधून बाहेर काढा, नळी मात्र त्याला तशीच राहू द्या. फुसकारा ऐकू यायला हवा. उघड्या टोकावर बोट धरा, ते ओढलं गेलं पाहिजे. ओढ लागली नाही तर वॉल्व्ह, नळी किंवा मॅनिफोल्डचं तोंड यांपैकी काहीतरी चोंदलं आहे. नळीतून वॉल्व्ह सोडवून नळीच्या टोकाला बोट लावलं की दोष कुणाचा ते लगेच कळतं. तिथे जोरात ओढ आणि वॉल्व्हमधून नाही, तर दोषी वॉल्व्ह.

तिसरी परीक्षा आवाजाची. इंजिन बंद करून वॉल्व्ह कानाशी हलवा. सुई खुळखुळली पाहिजे. आवाज आला नाही तर बदलाच. पण आवाज आला म्हणजे पास झाला असंही नाही. स्प्रिंग कमजोर झाली असली तरी सुई खुळखुळते. म्हणून चौथी परीक्षा फुंकरीची करा. वॉल्व्हला स्वच्छ नळीचा तुकडा लावून कव्हरच्या बाजूने फुंकलं तर हवा सहज जायला हवी आणि मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकलं तर मुश्किलीने. दोन्हीकडून सारखीच जात असेल तर सुई नीट बसत नाही. तोंडाने ओढून मात्र कधीच पाहू नका, आतला मळ पोटात जाण्यासारखा नसतो.

शेवटी नळ्या. दाबून, वाकवून बघा. तडे बहुधा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला आणि वळणावर असतात. तेलाने मऊ पडलेली नळी ओढीने आत चेपते आणि गाडी थांबवली की पुन्हा सरळ होते, म्हणून नुसतं पाहून ती सापडत नाही. रबरी बूच नखाने दाबा. नख रुतत नसेल तर त्याचं आयुष्य संपलं. एअर फिल्टरकडची दुसरी नळीही याच वेळी पाहा. फिल्टर धुळीने भरला असेल तर त्या नळीतून तेल ओढलं जातं. महामार्गाचं काम चाललेल्या पट्ट्यात रोज फिरणाऱ्यांनी फिल्टर पुस्तकातल्या अंतरापेक्षा लवकर झटकावा आणि बदलावा.

बदलताना

काम अर्ध्या तासाचं आहे, पण त्यात घाई करण्यासारखं काही नाही. इंजिन थंड होऊ द्या. वॉल्व्हभोवतीची धूळ आधी ब्रशने आणि फडक्याने काढा, नाहीतर ती भोकातून थेट आत पडते. क्लिप पकडीने मागे सारा. नळी जुनी असेल तर खेचू नका, आधी गोल फिरवून मोकळी करा. जुनं बूच कडक झालं असेल तर काढताना त्याचे तुकडे पडतात. ते टॅपेट कव्हरच्या आत गेले तर शेवटी तेलाच्या जाळीवर जाऊन बसतात. म्हणून तुकडे बाहेरच्या बाजूला उचकटून काढायचे आणि एखादा आत गेल्याचा संशय आला तर कव्हर उघडून शोधायचा. इथे आळस परवडत नाही.

नवा वॉल्व्ह आपल्याच इंजिनाचा घ्या, पार्ट नंबर जुळवून. दिसायला सारखे, आकाराने बसणारे वॉल्व्ह आत वेगळ्या स्प्रिंगचे असतात. तो बसेल, पण वायू कमी किंवा जास्त सोडेल आणि आयडलचा नवाच प्रश्न उभा राहील. दुकानदार ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. वॉल्व्हसोबत बूच आणि नळीही घ्या. नुसता वॉल्व्ह बदलून जुनं बूच ठेवलं तर कडेने हवा ओढली जाते. पेट्रोलची किंवा पाण्याची नळी कापून इथे लावू नका. तेलाच्या वाफेला आणि ओढीला टिकणारीच नळी लागते.

बुचाला बोटभर स्वच्छ इंजिन तेल लावलं की वॉल्व्ह सहज बसतो. दिशा जुनी होती तशीच ठेवा. काही वॉल्व्हवर बाण असतो, तो मॅनिफोल्डकडे. आट्यांचा वॉल्व्ह हाताने फिरवून बसवा आणि पान्याने बेताने आवळा. जोर लावला तर प्लॅस्टिक तुटतं किंवा कव्हरच्या आट्या जातात. मग गाडी सुरू करा, कागदाची परीक्षा पुन्हा घ्या आणि सगळ्या जोडांशी कान लावून शिट्टी येते का ऐका.

जुना वॉल्व्ह कार्ब क्लीनरने धुऊन परत लावणं हा तात्पुरता उपाय आहे. नवा मिळेपर्यंत ठीक. झिजलेली सुई आणि मेलेली स्प्रिंग धुऊन सुधारत नाही.

आणि एक प्रकार अजिबात करू नका. वॉल्व्ह काढून भोकाला बूच मारणं किंवा नळी खाली रस्त्याकडे सोडून देणं. पहिल्याने दाब वाढतो, दुसऱ्याने ओढ नाहीशी होऊन वाफ आतच राहते आणि मॅनिफोल्डचं तोंड उघडं राहिलं तर आयडल बिघडतं. एअर फिल्टरमध्ये तेल येतं म्हणून ती नळी बाहेर काढलेल्या गाड्या मी जळगाव एमआयडीसीच्या रस्त्यावर पाहिल्या आहेत. त्या भोकातून आत जाते ती महामार्गाची धूळ, आणि धूळ मिसळलेलं तेल बेअरिंगला घासायला लागतं.

नंतरची कामं

वॉल्व्ह बंद राहिलेल्या इंजिनातलं तेल नासलेलं असतं. ते आणि फिल्टर लगेच बदला आणि पुढचा बदल नेहमीपेक्षा लवकर करा. गाळ एकदम काढायच्या नादात डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन फिरवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. जुन्या इंजिनात ती धोक्याची आहे. सुटलेला गाळ एकाच वेळी खाली येऊन तेलाची जाळी चोंदवतो, दाब पडतो आणि बेअरिंग जातात. चांगलं तेल लवकर लवकर बदललं तर ते हळूहळू गाळ धुऊन काढतं. थ्रॉटल बॉडीही साफ करून घ्या, तेलाच्या वाफेने तिथे काळा थर बसतो आणि वॉल्व्ह बदलूनही आयडल नीट होत नाही.

माझ्या गाडीत वॉल्व्ह, बूच आणि नळी बदलल्यावर कागद आत ओढला जाऊ लागला. क्रँकचं सील मात्र आधीच्या दाबाने ओठाशी खराब झालं होतं, ते आणखी एकदा बदलावं लागलं. त्यानंतर ते टिकलं. तेल खाणं पूर्ण थांबलं नाही, वीस वर्षांच्या इंजिनात थांबणारही नाही, पण दोन ऑइल बदलांमध्ये वर ओतायची गरज राहिली नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी दाबाचं कारण, मग सील. उलट केलं तर सीलाचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.

वॉल्व्ह निर्दोष असतो तेव्हा

हे सगळं ऐकून माझ्या एका सहकाऱ्याने उत्साहाने आपल्या गाडीचा वॉल्व्ह बदलला. फरक शून्य. त्यांच्या गाडीला जोर दिल्यावर निळा धूर येत होता आणि चढावर दम लागत होता. वॉल्व्ह आधीही खुळखुळत होता, ओढही ठीक होती, तरी कागद वर उडत होता. याचा अर्थ वाट मोकळी होती, पण खालून येणारा वायूच तिच्या आवाक्याबाहेरचा होता. कॉम्प्रेशन मोजलं तर दोन सिलिंडर बरेच खाली. त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं तेव्हा आकडा वर आला. तेलाने फट तात्पुरती बुजली म्हणून दाब वाढला, म्हणजे झीज रिंगांची. तेल घालूनही आकडा तसाच राहिला असता तर इंजिनाच्या वॉल्व्हकडे किंवा हेड गॅसकेटकडे पाहावं लागलं असतं. त्यांना हाफ इंजिन करावंच लागलं आणि तो खर्च योग्य होता. वॉल्व्हची तपासणी त्यांचा खर्च वाचवू शकली नाही, पण तो खर्च कशासाठी हे त्यांना कळलं.

धूर कधी येतो हेही पाहत जा. जोर देताना येणारा निळा धूर रिंगांकडे बोट दाखवतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून नंतर दाबल्यावर किंवा सकाळी पहिल्या स्टार्टला येणारा झुपका बहुधा इंजिनाच्या वॉल्व्हच्या सीलचा असतो. ही ढोबळ खूण आहे, निकाल नव्हे. निकाल गेज देतो.

डिझेल गाड्यांना हा लेख जसाच्या तसा लावू नका. त्यांच्या मॅनिफोल्डमध्ये अशी ओढ नसते, व्यवस्था वेगळी असते आणि टर्बो असेल तर तेल ओढलं जाण्याचे परिणाम गंभीर होतात. काही पेट्रोल गाड्यांतही सुटा वॉल्व्ह नसतो. टॅपेट कव्हरमध्येच पडदा असतो किंवा नुसतं बारीक छिद्र असतं. तिथे आपल्या गाडीचं पुस्तक किंवा जाणता मिस्तरी पाहा.

बदलायचं अंतर कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मी मात्र प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी वॉल्व्ह काढून हलवतो आणि होळीच्या सुमारास, उन्हाळा चढायच्या आत, नळ्या दाबून पाहतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्याने करायला गाडी आरटीओकडे नेणार असाल तर त्याआधी हे एकदा करून घ्याच. पेट्रोल मिसळलेलं नासकं तेल पीयूसीचा आकडाही वाढवतं.

गॅरेजात भांडण न करता हे करून घेता येतं. गाडी लावतानाच सांगा की आधी चालू इंजिनवर कागद लावून दाखवा, मग वॉल्व्ह काढून माझ्या हातात द्या, मग कॉम्प्रेशन मोजून चारही आकडे कागदावर लिहून द्या, आणि जे बदलाल त्याचा जुना भाग मला परत करा. चांगला मिस्तरी याला कधी नाही म्हणत नाही, उलट गिऱ्हाईक जाणतं आहे म्हणून जरा जपूनच काम करतो. जो नाही म्हणेल, त्याच्याकडे हाफ इंजिनसाठी गाडी सोडायची की नाही, हे मग वेगळं ठरवावं लागत नाही.